चार गुणांची फेरतपासणी

लातुरात निकालाचा दिवस सणाचा असतो, आणि सिद्रामप्पा शेटकारांना तो सणाहून प्यारा. दहावीचा असो, बारावीचा असो, सख्ख्या भाच्याचा असो की गल्लीतल्या कुठल्याशा अनोळखी पोराचा, निकाल लागणार म्हटलं की सर सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हयातभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाच्या पेपर तपासणीत नियामक म्हणून काढलेली. नियामक म्हणजे तपासणाऱ्यांना तपासणारा. परीक्षकानं तपासलेल्या गठ्ठ्यातून उत्तरपत्रिका उपसायच्या, पुन्हा वाचायच्या आणि गुण रास्त दिलेत का ते बघायचं.

निवृत्तीनंतर काम सुटलं, खोड सुटली नाही. कुणी कशालाही गुण दिलेले दिसले की सरांचे हात शिवशिवत. मोबाईलवर लोक हॉटेलांना तारे देतात, तेही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. चटणी गार होती म्हणून अख्ख्या हॉटेलाला एकच तारा, मग इडलीचे गुण गेले कुठं, असं ते बायकोला विचारत. गौरम्मा इडलीची ताटली पुढं सरकवी. ही माणसं मूळची निलंग्याकडची लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की सरांची हिंदी सुरू होई. निकालाच्या दिवशी तिन्ही भाषा एकदम चालत.

त्या सोमवारचा निकाल मात्र परक्याचा नव्हता. धाकटी लेक स्वप्नाली विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि नांदेडातच खोली घेऊन राहिली. तिनं दोन मित्रांना जोडीला घेऊन एक व्हिडिओ गेम बनवला होता, आणि तोही साधासुधा नव्हे, व्हीआरचा. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, दोन्ही हातांत एकेक मूठ धरायची, की खोली गायब आणि आपण थेट खेळात उभे. मान वळवाल तिकडचं दिसतं. आपण हात पुढं केला की खेळातला हात पुढं होतो.

त्या मित्रांपैकी सुदर्शन किनवटचा. त्याचे आजोबा मीटरगेजच्या जमान्यात रेल्वेत चावीवाले होते. पहाटे हातोडा घेऊन रुळावरून चालत जायचं, रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघायच्या, सैल दिसेल ती ठोकून बसवायची, हे चावीवाल्याचं काम. गेमही तेवढाच. नाव 'पहाटेची लाईन'. सुरुवातीला चौकीवर मुकादम तुम्हाला हातोडा देतो. मग किनवटचं जंगल, धुकं, सागाची पानं आणि लांबवर गेलेले रूळ. वाटेत झोपडीपुढं एक म्हातारी बसलेली असते, ती गुळाचा खडा देते. शेवटाला पैनगंगेचा पूल. चाव्या नीट ठोकल्या असतील तर सकाळची पहिली गाडी तुमच्या शेजारून धडधडत पूल पार करते. नसतील तर गाडी पुलाअलीकडेच थांबते आणि ड्रायव्हर तुमच्याकडं नुसता बघत राहतो.

जंगल आणि माणसं काढली होती नांदेडच्या दीपमालानं, आणि म्हातारीचा आवाज गौरम्माचा. तो भरताना बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून स्वप्नालीनं आईला भर उन्हाळ्यात रजईखाली बसवलं होतं. 'घे रे लेकरा' एवढं बोलून गौरम्मा घामानं निथळली, आणि पुढं कितीतरी दिवस गल्लीत सांगत सुटली की आपण सिनेमात काम केलंय.

गेम शुक्रवारी दुकानात लागायचा होता, म्हणजे इंटरनेटवरच्या दुकानात. त्याआधी समीक्षकांना तो खेळायला दिला होता, आणि सगळ्यांची परीक्षणं सोमवारी संध्याकाळी एकाच वेळेला जाहीर व्हायची होती. ही पद्धत ऐकून सर खूश झाले. हे तर थेट बोर्डासारखं झालं. दुपारपासून ते फोनचं चार्जिंग बघत होते, वायफायचा डबा बंद करून पुन्हा चालू करत होते, आणि गौरम्माला दहामध्ये किती म्हणजे शेकडा किती ते समजावून सांगत होते.

निकाल लागला. मोठी परीक्षणं तीन होती. पुण्याच्या एका पोराचं, ज्याचं चॅनेल खूप लोक बघतात, दहापैकी नऊ. सर खुर्चीतून उठलेच. इंग्लंडातल्या एका संकेतस्थळाचं, सहा. सर बसले, पण हरकत नाही, फर्स्ट क्लास होता. तिसरं बंगळुरूच्या चंदनाचं. चार.

ही चंदना म्हणजे कोण, ते सरांनाही माहीत होतं. शाळेत असल्यापासून स्वप्नाली तिची परीक्षणं वाचत आली होती. गेमकडं असं बघता येतं हे मला चंदनानं शिकवलं, असं ती म्हणायची. बाकी जगानं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

स्वप्नालीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. "अप्पा, मी गेम मागं घेते. गुरुवारपर्यंत घेता येतो. हैदराबादच्या कंपनीतल्या नोकरीला हो म्हणून टाकते, ते उत्तराची वाट बघून राहिलेत." सर काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

गौरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांच्या डोळ्यांत मात्र भलतंच काहीतरी चमकत होतं, आणि ते पाहून गौरम्माला रागच आला. पण सरांचा नाइलाज होता. एकाच पेपरला एक परीक्षक नऊ देतो आणि दुसरा चार. नऊ आणि चार! अख्ख्या नोकरीत असली तफावत त्यांच्या हाती दोन-तीनदाच लागली असेल. लेकीचं दुःख त्यांना कळत होतं, पण त्यांच्या अंगात जुना नियामक जागा झाला होता आणि तो काही झोपायला तयार नव्हता.

मग त्यांनी अस्सल लातूरकर करील ती गोष्ट केली. इथं निकाल लागला की अर्धं गाव आनंद करतं आणि उरलेलं अर्धं फेरतपासणीचा अर्ज करतं. सरांनी चंदनाच्या पानावरचा ईमेल शोधला आणि कडक इंग्रजीत अर्ज लिहिला. विषय, पुनर्मूल्यांकनाबाबत. सदर गेमला आपण दिलेले चार गुण आम्हास मान्य नसून, कोणत्या प्रश्नात किती गुण कापले याचा तपशील मिळावा ही विनंती. आपला विश्वासू. आणि खाली, बाई बंगळुरूची आहे म्हणून, एक ओळ कानडीत, की आमच्याही घरात कानडी बोलतात. अर्ज पाठवला आणि मोठ्या अभिमानानं लेकीला फोन करून कळवला.

मग स्वप्नाली म्हणाली, "अप्पा, समीक्षकाला कुणी अर्ज करतं का? हसत असेल ती मला." आणि फोन बंद झाला. सरांनी बंद फोनलाच सांगितलं की लातुरात करतात.

रागावलेल्या लेकीला समजावणं त्यांना जमत नसे. जमायचं ते एकच, पेपर तपासणं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून तिन्ही परीक्षणांचे कागद काढून आणले, पुण्याच्या पोराचं बोलणं ऐकून ऐकून उतरवून घेतलं आणि सगळं दिवाणावर शेजारी शेजारी मांडलं. लाल पेन घेतलं. गौरम्मानं आणून ठेवलेला चहा तसाच निवला.

आधी नऊवाला. त्यानं जंगलाची तारीफ केली होती, हातोड्याच्या आवाजाची केली होती, म्हातारीच्या गुळाची तर फारच. मुकादमाच्या मिशीवरसुद्धा तो बरंच बोलला होता. पण झोपडीच्या पुढचं त्याच्या बोलण्यात काहीच नव्हतं. ना पूल, ना गाडी. सरांनी कपाळाला हात लावला. असले परीक्षक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पहिले दोन प्रश्न वाचायचे, अक्षर चांगलं दिसलं की पुढच्या पानांवर सपासप बरोबरच्या खुणा. नऊ गुण गोड वाटत होते, पण खरे नव्हते. सरांनी जड मनानं त्या कागदावर लाल रेघ मारली.

सहावाला इंग्रज बरा होता. त्यानं मेहनत घेतली होती, पण वैतागला होता. गेम लहरी आहे, म्हणे. मुकादम पहिल्या खेपेला हातोडा देतो, दुसऱ्या खेपेला तसाच धरून उभा राहतो. म्हातारी मनात येईल तेव्हा गूळ देते, नाही तेव्हा देत नाही.

आणि मग चार. इथं सर बाह्या सावरून बसले. या बाईनं गेम अर्धवट खेळून गुण कापले असणार, याची त्यांना खात्रीच होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि हळूहळू त्यांचा लाल पेनचा हात खाली आला. चंदनानं अख्खी लाईन चालून काढली होती. धुकं कुठं विरतं, पाखरं कुठून बोलायला लागतात, सगळं तिनं नोंदवलं होतं. पुलापर्यंत पोचलेली ती एकटीच होती. गाडी पुलाअलीकडे थांबली, असं तिनं लिहिलं होतं, ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं, आणि माझं काय चुकलं ते मला कळलं नाही. इतकं सुंदर जंगल, आणि त्यात मी रिकाम्या हातानं चालत होते. या गेममध्ये करण्यासारखं काही नाही. एका म्हातारीपुढं मी हात पसरला, तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि ती वाट बघत राहिली. कशाची, ते मला माहीत नाही.

सरांना स्वतःचीच लाज वाटली. सगळ्यात कमी गुण देणारीनंच पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, आणि तिलाच आपण कडक इंग्रजीत जाब विचारून बसलो. पण लाज फार टिकली नाही, कारण तेवढ्यात त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं. पहिल्याला गूळ मिळाला. दुसऱ्याला कधी मिळाला, कधी नाही. तिसरीला मिळालाच नाही. प्रश्न एक, आणि तीन परीक्षकांच्या तीन तऱ्हा. तपासणीच्या खोलीत असं झालं की नियामक परीक्षकांना बाजूला बसवतो आणि प्रश्नपत्रिका मागवतो. कारण अशा वेळी घोळ बहुधा प्रश्नात असतो.

"भाकरी बांध," ते गौरम्माला म्हणाले. "मी नांदेडला चाललो."

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत सरांनी ते कागद इतक्यांदा उलगडले की शेजारच्या प्रवाशानं कोर्टाची तारीख आहे का म्हणून विचारलं. विष्णुपुरीत धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर मुलांची खोली होती. सुदर्शन आणि दीपमाला सर आले म्हणून धावपळ करू लागली. स्वप्नालीनं पाणी दिलं, अव्वा, म्हणजे आई, कशी आहे म्हणून विचारलं, आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली. हैदराबादला पाठवायचं उत्तर तिच्या लॅपटॉपवर अर्धं लिहून तयार होतं.

सरांनी कागद जमिनीवर मांडले आणि तिन्ही परीक्षणं मुलांना समजावून सांगितली. नऊ कसे खोटे आणि चार कसे खरे, हे ऐकताना स्वप्नालीची मान हळूहळू वळली. पण हातोडा मिळत नाही आणि म्हातारी गूळ देत नाही, ही गोष्ट तिघांनाही पटेना. सुदर्शननं चष्मा चढवला, मुकादमापुढं हात केला, हातोडा मिळाला. दीपमालानं केलं, मिळाला. सरांना चढवला. पहिल्यांदाच ते त्या धुक्यात उभे राहिले आणि क्षणभर सगळं विसरून सागाच्या झाडांकडं बघत राहिले. झोपडीपुढची म्हातारी थेट गौरम्माच्या आवाजात घे रे लेकरा म्हणाली, तेव्हा बायकोनं आपल्याला लेकरू म्हटलं म्हणून ते चष्म्याच्या आत एकटेच लाजले. गूळ मिळाला. पुन्हा केलं, पुन्हा मिळाला.

तेवढ्यात सरांच्या फोनवर चंदनाचं उत्तर आलं. स्वप्नालीनं ते मोठ्यानं वाचलं. मी दिलेले गुण कधीच बदलत नाही, असं तिनं लिहिलं होतं, तेव्हा ती आशा ठेवू नका. पण गुण कुठं कापले हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. शिव्या पुष्कळांनी दिल्या, तपशील कुणी मागितला नाही. तर सांगते. मुकादमानं मला हातोडा दिलाच नाही. हे उत्तर वाचून स्वप्नाली सरांकडं बघत राहिली. ती हसली नव्हती, म्हणजे चंदना. हे तिच्या आत कुठंतरी पोचलं आणि तिनं उठून खोलीतला दिवा लावला.

आता तर सगळे इरेला पेटले. सुदर्शननं उंची बदलून पाहिली, दीपमाला खाली बसून, उभी राहून, मान फिरवून पाहून आली. मुकादम इमानानं हातोडा देतच होता. शेवटी गौरम्मानं बांधून दिलेलं पिठलं आणि भाकरी सोडली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चौघं जेवायला बसली. पण सरांचं जेवणात लक्ष कुठलं. ती वाट बघत राहिली, कशाची ते मला माहीत नाही, हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. तोंडात घास असतानाच त्यांना वाटलं की म्हातारीचा चेहराच एकदा नीट बघावा. आत्ता बघायचाय म्हणाले, जेवण झाल्यावर नाही. उजवा हात पिठल्यानं माखलेला. महागाच्या यंत्राला पिठलं लागू नये म्हणून दीपमालानंच त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि मूठ दिली ती डाव्या हातात. जेवताना आपण पाण्याचा तांब्या घेतो तो डाव्याच हातानं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सर झोपडीपुढं गेले. हात पुढं केला. म्हातारीनं हाताकडं पाहिलं, चेहऱ्यावर तेच मायेचं हसू, गूळ मुठीत तसाच, आणि ती वाट बघत राहिली.

"स्वप्नाली, तुझी आई मला गूळ देईना," सर म्हणाले.

"अप्पा, दुसऱ्या हातानं..." असं म्हणता म्हणता स्वप्नाली थांबली. तिच्या हातातला घास ताटात पडला.

हात न धुताच ती लॅपटॉपकडं धावली आणि डाव्या हातानंच कीबोर्डची बटणं दाबत सुटली. गेमच्या कोडमध्ये ती ओळ तिथंच होती. कुणी काही देत असेल तर ते घेणारा हात कोणता, तर उजवा. मुकादमाचा हातोडा त्याच ओळीतून येत होता आणि म्हातारीचा गूळही. ती तिनंच लिहिली होती, आणि लिहिताना क्षणभरसुद्धा थबकली नव्हती. देणं घेणं उजव्या हातानं, यात थबकण्यासारखं काय होतं? महिनोन् महिने हा गेम विष्णुपुरीच्या दोस्तांनी खेळला, सुदर्शनच्या किनवटच्या अख्ख्या खानदानानं खेळला, आणि म्हातारी माणसापुढं डावा हात करणारा त्यात एकही निघाला नाही. दीपमालानं तर म्हातारीला मुद्दाम तसं हसवलं होतं, योग्य हात पुढं येईपर्यंत थांबणाऱ्या आजीसारखं. आपल्याला ते हसू कळतं. गेममध्ये हाताचा असा नियम असेल हे मनातही नसलेल्या चंदनाला ते कोड्यासारखं वाटलं.

पण आधी खात्री करायला हवी होती. चंदनाचे जुने व्हिडिओ लावले. पहिल्यात तिनं कप उचलला, डाव्या हातानं. दुसऱ्यात काहीतरी लिहिलं, डाव्या हातानं. सुदर्शननं एवढ्या जोरात टाळी वाजवली की खालच्या मजल्यावरचे मालक काय झालं म्हणून जिन्यात आले. सरांनी त्यांनाही पिठलं खायला बसवलं. इंग्रजाचंही उलगडलं. जो हात मोकळा असेल तोच तो पुढं करत होता, आणि गेम त्याला लहरी वाटत होता. आणि चंदना, बिचारी, हातोड्याशिवाय किनवटचं अख्खं जंगल चालून गेली, आणि तरी पुलापर्यंत गेली. सरांना तिच्याबद्दल एकदम लेकीसारखी माया वाटली.

हातोड्याचं सोपं होतं, दोन्ही हात चालतील असं करून टाकलं. गुळावर वाद पेटला. सुदर्शन म्हणाला, म्हातारीलाही दोन्ही हात चालू दे. दीपमालाला ते पटेना. आपली कुठली आजी मुकाट्यानं डाव्या हातावर गूळ ठेवील, मग ती आजी कसली, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. बराच वेळ हुज्जत झाली. मग स्वप्नालीनं लातूरला आईला फोन लावला आणि विचारलं, की अव्वा, समज, कुणी परक्या गावचं लेकरू दाराशी आलं आणि त्यानं डावा हात पुढं केला, तर तू काय करशील.

गौरम्मानं थोडा विचार केला. "पयलं थांबीन," ती म्हणाली. "उजवा करतंय का बघीन. न्हाई केला तर म्हनीन, असू दे, घे. लेकरू हाय ते."

वाद मिटला. गौरम्माला तेवढंच फोनवर पुन्हा बोलायला लावलं. या वेळी ती आपणहून रजई घेऊन बसली. दीपमालानं म्हातारीचं थांबणं तसंच ठेवलं, आणि थांबून झाल्यावर तिचा गुळाचा हात पुढं केला.

गुरुवारी दुपारी सरांनी चंदनाला दुसरा अर्ज केला, या वेळी नरम भाषेत. गुण बदलू नका, पण हा एक प्रश्न पुन्हा वाचाल का? ती तयार झाली. व्हिडिओ कॉल लागला. पडद्याच्या एका कोपऱ्यात ती होती, आणि तिला जे दिसत होतं तेच बाकीच्या पडद्यावर दिसू लागलं. चौकी आली, मुकादम आला. चंदनानं डावा हात पुढं केला, आणि हातोडा तिच्या मुठीत आला. ती खळखळून हसली. पहिलीच चावी तिनं अशी ठोकली की सुदर्शननं आनंदानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. एक चावी, दुसरी चावी, सैल चावीचा बद्द आवाज आणि मग बसलेल्या चावीचा खणखणीत. ती थांबायलाच तयार नव्हती. स्वप्नाली नखं खात होती.

झोपडी आली. डावा हात पुढं झाला. म्हातारीनं हाताकडं पाहिलं. ती थांबली. मग गौरम्माचा आवाज आला, "असू दे, घे," आणि तळहातावर गुळाचा खडा पडला.

चंदनाला मराठी येत नव्हती. ही काय म्हणाली, तिनं विचारलं. स्वप्नाली इंग्रजीत काहीतरी जुळवायला लागली, पण तिच्या आधी सरच बोलले, घरात बोलतात त्या भाषेत.

"इर्ली, तगो."

पडद्यावरचं जंगल जागच्या जागी थांबलं. चंदनानं चष्मा काढला होता. ती आपल्या डाव्या हाताकडं बघत होती. "आमच्या आजीनं हे मला कधीच म्हटलं नाही," ती कानडीत म्हणाली. सरांनी ते मुलांना मराठीत सांगितलं.

मग ती समीक्षकाच्या आवाजात बोलली. चार गुण तसेच राहतील. मला जो गेम मिळाला त्याचे ते होते आणि ते बरोबर होते. पूल मी आत्ता बघणार नाही. हा गेम बाहेर आला तर तो पहिल्यापासून एकटीनं खेळेन आणि त्यावर नव्यानं लिहीन. किती गुण देईन, ते मलाच माहीत नाही, तुम्हाला काय सांगू. एवढं बोलून तिनं कॉल बंद केला.

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. स्वप्नाली तेवढी लॅपटॉपपुढं जाऊन बसली. गेम मागं घ्यायचं बटण आणि दुकानात लावायचं बटण तिच्यापुढं एकाच पडद्यावर होतं, आणि हैदराबादचं अर्धं उत्तर त्याच्या मागं. तिनं वडलांकडं पाहिलं.

"अप्पा, परत चार पडले तर?"

दुसरं कुणी असतं तर सरांनी बोटं मोडून अंदाज सांगितला असता. कुणाला किती पडतील हे निकालाआधी सांगण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि ते सहसा चुकत नसत. या पेपराचा त्यांना काही अंदाज येईना. येत नाही याचं त्यांना नवलही वाटलं नाही.

"पडू दे," ते म्हणाले. "पन पेपर दे."

स्वप्नालीनं हैदराबादला फोन लावला, येत नाही म्हणून सांगितलं आणि दुसरं बटण दाबलं.